मीनिंग सांगा, माल न्या

पहिल्याच दिवशी मी मथुरामावशींवर ओरडलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांचं कौतुक करायला लागलो की कुणाला वाटायला नको, हा माणूस पहिल्यापासून शहाणा होता.

मी कराडकडचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका मध्यम केमिकल कारखान्यात मेंटेनन्सचा फोरमन म्हणून लागलो, बोईसरला खोली घेतली, आणि कामावरच्या पहिल्या दुपारीच एका पंपाला गळती लागली. गास्केट बदलायचं होतं. मी धावत स्टोअरच्या खिडकीशी गेलो. आत एक बाई बसलेल्या. साडीवर कंपनीचा निळा कोट, केसांत अबोलीचा गजरा, पुढ्यात फडकं.

"दोन इंची गास्केट द्या. लवकर."

"मीनिंग सांगा," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, माझंच डोकं उन्हानं फिरलंय. "काय सांगू?"

"गास्केट म्हंजे काय, ते सांगा. मीनिंग सांगा, माल न्या."

झालं! माझं टाळकंच सरकलं. "अहो बाई, तिकडं पंप गळतोय आणि तुम्ही इथं माझी तोंडी परीक्षा घेताय?"

बाईंचा आवाज तसूभरही चढला नाही. "गळतोय तं तसं सांगा ना. दोन लोखंडांच्या मधी बसतं न गळू देत नाय, ते गास्केट. कंच्या पंपाला पायजे?"

"ॲसिडच्या."

"मग तुमाला रबरी नाय चालायचा. ॲसिड त्याला खाऊन टाकील. पांढरा न्या, टेफ्लॉनचा." त्या उठल्या, मागे न बघता हात घातला आणि पांढरं गास्केट काढून दिलं. वर सांगितलं, "बास्केटच्या बाजूला असतो तो. परत आलात तं आठवण ठेवा."

मी घाईत रबरी नेलं असतं तर रात्रपाळीच्या माणसांची काय गत झाली असती, हे मला पंपापाशी पोचल्यावर उमगलं. तोंडात मारल्यासारखं झालं. संध्याकाळी माफी मागायला गेलो, तर म्हणाल्या, "माफीचं ऱ्हाऊ द्या. बास्केटचा मीनिंग ठाऊक हाय का?" टोपली, म्हणालो. "पास," म्हणाल्या.

तेव्हा कुठे मी ते स्टोअर नीट पाहिलं, आणि कपाळाला हात लावला. जगात सगळीकडे स्टोअर कसं लावतात? नट एकीकडे, इलेक्ट्रिकचं सामान एकीकडे, नाहीतर सरळ एबीसीडीप्रमाणे. इथे गास्केटशेजारी बास्केट. रिंगशेजारी स्प्रिंग. बेल्टशेजारी फेल्ट. क्लॅम्पच्या फळीवर लॅम्प, पिनच्या बाजूला टिन, प्लगला लागून लग, आणि प्रयोगशाळेच्या काचेच्या फ्लास्कच्या डोक्यावर धुळीचे मास्क. नव्या माणसाला तिथे सुई सापडली नसती. मावशींना डोळे मिटून सापडायची.

त्याचं असं झालं होतं. मावशी नवापूरच्या, मच्छीमार घरातल्या. नवरा गेल्यावर कारखान्यात झाडलोटीला लागल्या, मग स्टोअरमध्ये हेल्पर. स्टोअरकीपर होते काणेकाका. ते खुर्चीतून हुकूम सोडायचे, "मथुरा, क्लॅम्प!" आणि मावशींना क्लॅम्प म्हणजे काय हेच ठाऊक नसायचं. शिक्षण चौथी. इंग्रजी म्हणजे गावच्या शाळेत कानावर पडलेलं तेवढं, कॅट मांजर, रॅट उंदीर, मॅट चटई. तेही पुस्तकातून नव्हे, बाई मोठ्या वर्गाकडून घोकून घ्यायच्या ते ऐकून. "पण ते माझ्या डोक्यातून कधी गेलं नाय ओ," त्या सांगायच्या. "उंदीर बोलला का मांजर आपोआप यायची. मग मी इच्यार केला, लोखंडाला बी जोड्या लावून बगू." रोज एक जोडी. दोन शब्द कानाला सारखे लागले पाहिजेत, आणि दोघांचं मीनिंग हातात धरून सांगता आलं पाहिजे. क्लॅम्प म्हंजे आवळायचा, लॅम्प म्हंजे उजेडाचा. फडक्यानं फळी पुसत त्या पुटपुटत राहायच्या. काणेकाकांना निवांत बसायला मिळत होतं, त्यामुळे त्यांनी हूं की चूं केलं नाही. बघता बघता सगळं स्टोअर यमकात लागलं.

ज्यांना जोडी मिळाली नाही त्यांच्यासाठी कोपऱ्यात एक फळी होती. तिला मावशी 'एकटी फळी' म्हणत. तिच्यावर बेअरिंग, कपलिंग, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हचं त्यांना फार वाटायचं. "एवढा मोठा, एवढ्या कामाचा, न त्याला जोडी नाय," असं एखाद्या बिनलग्नाच्या भाच्याबद्दल बोलावं तसं बोलायच्या. कुणी शिकलेला माणूस खिडकीशी आला की आधी त्याला विचारायच्या, "व्हॉल्व्हला जोडी सुचते का बगा." एक नवा इंजिनीअर म्हणाला, "मावशी, खरा उच्चार वॅल्व्ह आहे." मावशी गार पडल्या. "म्हंजे आता दोन दोन एकटे झाले!" तो पोरगा पुन्हा कधी उच्चाराच्या वाटेला गेला नाही.

आणि तो मीनिंगचा नियम! त्यातून कुणाची सुटका नव्हती. बिहारचे कामगार हसत हसत हिंदीतून सांगायचे, त्यांना चालायचं. इंजिनीअर लोकांची मात्र पंचाईत व्हायची. 'स्ट्रेनर द्या' म्हणून ऐटीत येत, आणि 'मीनिंग?' म्हटलं की डोकं खाजवत. "चहाची गाळणी घरी बगितली नाय का कधी?" अशी हजेरी घेऊनच माल मिळायचा. चिडायचे लोक. मीही चिडायचो. पण मीनिंग सांगताना निम्म्या वेळेला आपल्यालाच कळायचं, की आपण मागायला आलो ती वस्तू चुकीची आहे.

बाहेरचे पाहुणे आले की आम्ही त्यांना हौसेनं स्टोअर दाखवायला नेत असू. मालाच्या मोठ्या गिऱ्हाइकाकडून तपासणीला साहेब यायचे, ते यमकाच्या फळ्यांचे फोटो काढायचे. मावशी एका दमात म्हणून दाखवायच्या, "रिंग अंगठी, स्प्रिंग कमान, सोप साबण, रोप दोर..." टाळ्या पडायच्या. मीही वाजवल्या आहेत. इतक्या शिकल्यासवरल्या माणसांनी त्या फळ्या पाहिल्या, आणि एकाच्याही ध्यानात एक गोष्ट आली नाही. ती पुढे येते.

काणेकाका निवृत्तीला आले तेव्हा मावशींना हेल्पर होऊन तेरा वर्षं झाली होती. एके दिवशी चहाच्या वेळेला त्यांनी माझ्याकडे मन मोकळं केलं.

"शिंदेभाऊ, ती खुर्ची मला पायजे."

"मिळायलाच पाहिजे. पगारही वाढेल."

"पगाराचं नाय ओ. तेरा वर्सं देते मी, घेते मी, मोजते मी. न रजिस्टरात सही काकांची. उद्या मी नसली तं ह्या कागदांत मथुरा कुठेच नाय. मला सही करायची हाय."

आणि कोटाच्या खिशातून त्यांनी एक घडी घातलेला कागद काढला. त्यावर इंग्रजीत त्यांचं नाव, चाळीसएक वेळा. शेवटच्या ओळींतली सही चांगली वळणदार झाली होती. मी म्हणालो, "झकास आहे," आणि चहा सांडला.

देसाईसाहेब आमचे फॅक्टरी मॅनेजर. माणूस कोरडा, पण सरळ. त्यांनी सांगितलं, मुलाखत घेऊ, बाहेरूनही दोघे-तिघे येतील, मथुराबाईंनीही यावं. वार ठरला गुरुवार, वेळ अकराची. मावशी त्या दिवशी मोरपिशी साडी नेसून आल्या. गजरा दुप्पट. अख्ख्या कारखान्यानं त्यांना शुभेच्छा दिल्या, वॉचमननं तर गेटवरच पास करून टाकलं.

त्याच सकाळी नऊला मी त्यांच्याकडून दोर नेला होता. टाकीच्या बाहेरच्या अंगाला रंग द्यायचा होता. रामाशीष नावाचा आमचा रंगारी पट्टा बांधून वर चढणार, आणि त्या पट्ट्याचा दोर वरच्या कठड्याला बांधायचा. "मीनिंग?" मावशींनी सवयीनं विचारलं. "दोर," मी सवयीनं म्हणालो. त्यांनी भेंडोळ्यातून कापून दिला, मी वरवर पाहून घेतला. दोघांचंही चित्त मुलाखतीत.

साडेदहाला, निघण्याआधी फळ्यांवरून एक शेवटचं फडकं मारावं म्हणून मावशी उठल्या. रोपच्या फळीशी आल्या. वरच्या फळीवर सोप. सोप म्हणजे अंगाचा साबण नव्हे, फरशी धुवायचं कडक कॉस्टिकचं पाणी, पाच लिटरच्या कॅनमध्ये. एका कॅनच्या तळाला केसाएवढी चीर गेली होती. थेंब थेंब खालच्या दोराच्या भेंडोळ्यावर पडत होता, किती दिवस कोण जाणे. पडायचा, वाळायचा. वरून दोर नुसता पांढुरका दिसत होता. मावशींनी त्याचा एक हातभर तुकडा दोन्ही मुठींत धरला आणि ओढला. तो सुतासारखा तुटला.

प्रशासनाची इमारत उजवीकडे. टाकी डावीकडे, कारखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला. अकराला वीस मिनिटं कमी होती.

मी टाकीखाली उभा होतो. मोरपिशी साडी गुडघ्यापर्यंत खोचून, गजरा सुटलेला, अशा मावशी पळत येताना दिसल्या तेव्हा मला वाटलं कुठे आग लागली.

"रामाशीष! हालू नको! सीडी पकड! सीडी पकड बोलते ना!"

रामाशीष वरून हसला. "क्या हुआ मौसी?" तीस फूट वर, अंग मागे टाकून, दोरावर भार देऊन तो आरामात ब्रश मारत होता.

"दोर सोड! सीडी पकडके नीचे आ!"

त्याला काही कळलं नाही, पण मौसीचा असला आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. त्यानं शिडी धरली. एकेक पायरी उतरला. त्याचा पाय जमिनीला लागेपर्यंत मावशी श्वास घेत होत्या की नाही, देव जाणे. मी तर नव्हतो घेत. मग आम्ही वरचा दोर सोडून आणला आणि ताणून पाहिला. कठड्यापाशी तीनपैकी दोन पीळ उसवले होते. रामाशीष तिथेच खाली बसला आणि म्हणाला, "अरे बाप रे."

मावशींनी त्या दोराचा एक तुकडा उचलला. "चला शिंदेभाऊ. उशीर झाला."

"कुठं?"

"मुलाखतीला."

मी माझंच सांगतो. माझ्या मनात पहिलं काय आलं? की दोर फेकून द्यावा, कॅन फेकून द्यावा, रामाशीषला चहा पाजावा आणि गप्प बसावं. मी तसं बोललोही. "मावशी, आज नको. माणूस वाचला ना? आज सांगितलंत तर खुर्ची गेली समजा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. मी निमूट त्यांच्यामागून गेलो. दोर मीही तपासला नव्हता.

देसाईसाहेबांच्या काचेच्या टेबलावर मावशींनी तो तुकडा ठेवला. धाप लागलेली, हाताला टाकीचा रंग.

"साहेब, हा दोर मी खराब केला. सोपच्या खाली रोप ठेवला. का, तं जोडी लागते म्हणून. सगळ्या दुनियेला मीनिंग इच्यारते, न मीच इसरली. रोप म्हंजे दोर नाय. रोप म्हंजे वरचा माणूस. रामाशीष वर होता, आता खाली हाय. आता काय इच्यारायचं ते इच्यारा."

साहेबांनी तुकडा हातात घेतला, ओढला. तुटला. मग म्हणाले, "तुम्ही हे सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं."

"नसतं कळलं. पण बाकीच्या फळ्यांवर अजून काय काय जोडीला बसवलंय, ते मला एकटीला नाय दिसायचं, साहेब. तुमी सगळे येऊन बगा."

मी मधेच म्हणालो, "साहेब, तपासायचं काम माझंही होतं." साहेब म्हणाले, "ते वेगळं बोलू." आणि बोलले. ते इथे सांगण्यासारखं नाही.

खुर्ची गेली. आठवड्यानं पत्र आलं, स्टोअरकीपर म्हणून पालघरचा प्रणव नावाचा पदवीधर मुलगा येणार. मी मावशींकडे गेलो. वाटलं, रडत असतील, नाहीतर राजीनामा लिहीत असतील. त्या स्टुलावर चढून फळ्या रिकाम्या करत होत्या. मलाच भरून आलं. मी म्हणालो, "मावशी, वाईट झालं."

"खुर्चीचं वाईट वाटतं ओ, नाय कशाला बोलू? काल रात्री जेवली नाय मी. पण आज दुपारी कँटीनमधी रामाशीष समोर बसून दोन थाळ्या जेवला. मग मी पण जेवली. हा घ्या, डबा धरा."

महिनाभर ते काम चाललं. प्रणव आला तो कॉम्प्युटर घेऊन. मला वाटलं, आता जुंपणार. पण पोरगा गुणी निघाला. त्यानं प्रत्येक वस्तू कशाची आहे, कशाजवळ ठेवायची नाही, हे मावशींना सांगितलं, मावशींनी ती कुठे लागते हे त्याला सांगितलं. रोप-सोपची फारकत झाली. मास्क-फ्लास्कचीही झाली, वरून खोकं पडून काच फुटायला नको म्हणून. बाकी निरुपद्रवी जोड्या नांदत राहिल्या. प्रणवनं कॉम्प्युटरात एक जास्तीचा रकानाच केला, 'जोडी' म्हणून. आणि त्या रकान्यात मावशी एका बोटानं, जिभेचं टोक बाहेर काढून, टाइप करायला शिकल्या.

दोरासाठी मात्र मावशींनी स्वतःचा नियम केला, किंवा खरं तर गावाकडचा जुना नियम कारखान्यात आणला. नवापूरला होडी दर्यात लोटायच्या आधी दोर हातातून काढतात. दोन्ही हात पसरले की एक वाव. वाव वाव करत सगळा दोर बोटांतून जायला हवा, तेव्हा कुठे तो होडीत चढतो. "माझा बा डोळे मिटून करायचा," त्या म्हणाल्या. "बोटांना समजतं, डोळ्यांना नाय समजत. मी इथं आली न कोट घालून सायेब झाली." त्या दिवसापासून दोर मागायला आलेल्याला मावशी मीनिंग विचारायच्या, आणि 'दोर' किंवा 'रस्सी' म्हटलं तर मान हलवायच्या. चालायचं नाही. वर जाणाऱ्या माणसाचं नाव सांगायचं. ते नाव रजिस्टरात लिहिलं जायचं, आणि दोर वाव वाव करून त्यांच्या हातातून निघायचा, मगच खिडकीबाहेर यायचा.

प्रणव वर्षभरात वापीच्या मोठ्या कंपनीत गेला. जाताना त्यानं दोन गोष्टी केल्या. एक, साहेबांना लिहून दिलं, की हे स्टोअर चालवायला माणूस बाहेरून आणू नका. दुसरी, मावशींना व्हॉल्व्हला जोडी दिली. सॉल्व्ह. मावशी आनंदानं टाळी वाजवणार, तेवढ्यात थबकल्या. "मीनिंग?"

"सोडवणे. सुटणे. गणित सुटतं तसं."

"पण ही वस्तू नाय ना? फळीवर काय ठेवू मी?"

तो डोकं खाजवत वापीला गेला.

साहेबांनी या वेळी मुलाखत घेतली नाही. मावशींना बोलावलं आणि म्हणाले, "एकच विचारतो. स्टोअरकीपर. मीनिंग सांगा." मावशी म्हणाल्या, "मागल ते देतो तो हेल्पर. पायजे तवा नाय बोलतो, तो स्टोअरकीपर." साहेबांनी रजिस्टर पुढे केलं. आम्ही चार-पाच जण दाराबाहेर कान लावून उभे होतो. मावशींनी सही केली, त्या कागदावरच्या चाळिसाव्या सहीसारखी, वळणदार. मग बाहेर आल्या आणि आमच्यासमोर पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडल्या. रामाशीष पेढे घेऊन आधीच उभा होता. त्याला इतकी खात्री कशी होती, कोण जाणे.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. कराडला परत जाईन म्हणत होतो, पण उमरोळीला घर झालंय, आता इथलाच. शेवटच्या दिवशी माझी हत्यारांची पेटी जमा करायला स्टोअरला गेलो. मावशींनी पाना, पकड, हातोडी, एकेक काढून मोजली. ते होईतो मी फळ्यांवरून नजर फिरवली. एकटी फळी ओळखू येईना, निम्मी रिकामी झाली होती. व्हॉल्व्हच्या खोक्याशेजारी एक नवं खोकं होतं, वर इंग्रजी आणि मराठीत लेबल, 'सॉल्व्ह'. मी झाकण उघडलं. आत काही नव्हतं.

"मावशी, हे रिकामं आहे."

"सुटलं म्हंजे मागं काय उरतं, शिंदेभाऊ? असूं द्या. व्हॉल्व्हला सोबत झाली."

त्यांनी माझ्या कागदावर सही केली. मी काहीतरी चांगलं बोलायचं ठरवून आलो होतो. पंधरा वर्षांचं सगळं. पण मी नुसताच म्हणालो, "येतो." त्या म्हणाल्या, "या. उमरोळी काय लांब नाय. बोंबील पाठवते."

मी अंगणात उतरलो, तेवढ्यात कंत्राटदाराकडचा एक नवा रंगारी खिडकीशी आला. मी थांबलो.

"मौसी, रोप चाहिए."

"मीनिंग बोल."

"रस्सी."

"नाय. वर कोन जायेगा? नाम बोल."

तो गोंधळला. आजूबाजूला पाहिलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "मैं. सुरेश."

मावशींनी रजिस्टरात लिहिलं. कपाटातून भेंडोळं काढलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे मिटले. मग दोन्ही हात पसरले. एक वाव. सुरेश. दुसरी वाव. सुरेश. त्यांचे ओठ हलत होते, दोर बोटांतून सरकत होता, आणि खिडकीबाहेर तो माणूस ताटकळत उभा होता, घाईत, जरासा वैतागलेला, माझ्यासारखा.